थोरला कोण, धाकटा कोण आणि वीज कोणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी जादूकथांच्या मराठी अनुवादांविषयी आपल्या मुलांच्या पुरवणीत अलीकडे जी पत्रं आली, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. इंग्रजीत वाचताना मुलं पोट धरून हसतात, तेच पुस्तक मराठीत हाती दिलं की दहाव्या पानावर मिटून ठेवतात. कोणी म्हणतं भाषा जड झाली, कोणी म्हणतं वातावरण परकं. आमचं म्हणणं वेगळं आहे. अशा अनुवादांत जादू बहुधा नीट येते. बिघडतं ते घर. विक्षिप्त जादूगार कुटुंबाच्या विनोदी कादंबरीत हसू येतं ते भावंडांच्या हेव्यादाव्यांमुळे. आणि मराठीत कोण थोरलं, कोण धाकटं, कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोणाच्या वाटणीला काय आलं, हे ठरवल्याशिवाय भावंडांचं एक भांडणही लिहिता येत नाही. इंग्रजीत हे सगळं झाकून ठेवता येतं. अनुवादक तसंच झाकून ठेवायला जातो आणि माणसं पुठ्ठ्याची होतात.

हे एका पुस्तकावरच दाखवतो. डायना विन जोन्स (१९३४–२०११) या ब्रिटिश लेखिका. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा २००४ सालचा चालत्या किल्ल्याचा सिनेमा ज्या मुलांनी पाहिला आहे, त्यांना त्यांची गोष्ट ठाऊक आहे; तो सिनेमा त्यांच्या १९८६ च्या कादंबरीवरून केलेला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ साली, त्यांची ‘आर्चर्स गून’ आली आणि १९९२ मध्ये बीबीसीने तिची सहा भागांची मालिका केली. जादूगार कुटुंबाची विनोदी कादंबरी कशी बांधावी याचा इतका पक्का नमुना दुसरा सापडणं अवघड, म्हणून तोच घेतो. शेवट फोडत नाही.

तेरा वर्षांचा हॉवर्ड शाळेतून घरी येतो, तर स्वयंपाकघरात एक अवाढव्य माणूस बसलेला. पाय खोलीभर पसरलेले, अंगाच्या मानाने डोकं बारकं. आर्चरने पाठवलं आहे म्हणतो आणि हॉवर्डच्या वडिलांकडून दोन हजार शब्द मिळाल्याशिवाय हलायला तयार नाही. वडील क्वेन्टिन हे लेखक. दर तीन महिन्यांनी दोन हजार शब्द लिहून ते माउंटजॉय नावाच्या नगरपालिकेतल्या अधिकाऱ्याला देत आलेले आहेत. या खेपेचे पोचलेले नाहीत. चौकशी करता करता हॉवर्डला कळतं की हे गाव नगरपालिका चालवतच नाही. सात जादूगार भावंडांनी ते आपसांत वाटून घेतलं आहे. आर्चरकडे वीज, गॅस आणि बँका. डिलियनकडे पोलीस. शाइनकडे गुन्हेगारी. टॉर्क्विलकडे संगीत, खेळ आणि दुकानं. हॅथवेकडे रस्ते आणि जुनी दप्तरं. अर्स्किनकडे पाणी आणि गटारं. व्हेंटुरसकडे शाळा आणि घरं. एकाच घरात एका बहिणीकडे पोलीस आणि दुसऱ्या बहिणीकडे चोर, यातच निम्मी कादंबरी आली. ही सातही जणं वर्षानुवर्षं त्या एका गावात अडकून पडली आहेत. अडकवणारी ताकद क्वेन्टिनच्या त्या शब्दांत आहे आणि ती आपल्यातल्याच कोणीतरी वापरली आहे, असा त्यांना संशय आहे. म्हणून शब्द सगळ्यांनाच हवेत. क्वेन्टिन हट्टाला पेटतो, आता एक ओळसुद्धा लिहिणार नाही म्हणतो. मग घरातली वीज आणि गॅस बंद होतो, भलत्या वेळी भलत्या आवाजात संगीत सुरू होतं, दारासमोरचा रस्ता खणला जातो.

यात एक शिस्त आहे आणि ती अनुवादकाने पहिल्या वाचनातच टिपून ठेवायला हवी. प्रत्येक भावंड त्रास देतं ते फक्त आपल्या वाटणीच्या गोष्टीतून. त्यामुळे काय बिघडलं यावरून कोणी बिघडवलं हे वाचणाऱ्या मुलाला ओळखता येतं. रस्ता खणला गेला की मूल पुस्तकाबाहेरून ओरडतं, “हॅथवे!” हा खेळ चालायचा तर बिघाडाचं नाव नेमकं हवं. ‘घरात विचित्र घटना घडू लागल्या’ असं एक गोल वाक्य लिहिलं की खेळ संपला. गॅस गेला तर गॅस, नळ तर नळ, मीटर तर मीटर. अशा कादंबरीच्या अनुवादात ‘गूढ’, ‘मायावी’, ‘अद्भुत’, ‘विलक्षण’ हे चार शब्द पहिल्या खर्ड्यात शोधून खोडावेत. त्या जागी मूळ पुस्तकात जवळजवळ नेहमी एखादी साधी, रोजच्या वापरातली वस्तू असते.

आता अनुवाद जिथे खरा अडतो तिथे येऊ. ही भावंडं गाव ‘फार्म’ करतात, असं मूळ पुस्तक म्हणतं. या इंग्रजी शब्दाचा शेतीआधीचा अर्थ ठरावीक रकमेवर वसुलीचा हक्क घेणं असा आहे, आणि तिकडे मैलापाण्याच्या शुद्धीकरणाच्या जागेलाही फार्मच म्हणतात, त्यामुळे अर्स्किनच्या बाबतीत शब्द दुहेरी बसतो. मराठीत ‘शेती करतात’ लिहिलं तर मुलाला विजेची शेती कळत नाही. ‘नियंत्रण करतात’ म्हणजे सरकारी परिपत्रक. ‘वतन’ म्हटलं की ते देणारा कोणी राजा वर असावा लागतो, इथे तसा कोणी नाही. अर्थाने सगळ्यांत जवळचा शब्द खरं तर ‘खोती’. पण कोकणातल्या कुळांनी खोतीपायी जे सोसलं, जिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं आणि जी शेवटी १९४९ च्या कायद्याने गेली, ती खोती मुलांच्या विनोदात केवळ सोयीचा शब्द म्हणून वापरू नये असं आम्हाला वाटतं. उरतो ‘मक्ता’. तो बरोबर आहे: ठेका आणि मिरास दोन्हींचा वास त्याला आहे, उच्चाराला सोपा आहे, आणि मक्तेदार हा शब्द मुलांच्या कानावरून गेलेला असतो. पहिल्यांदा ‘मक्ता’ वापरावा. पुढे रोजच्या बोलण्यात मात्र ‘खातं’ यावं. मंत्र्यांकडे खातं असतं हे मुलांना बातम्यांमुळे माहीत असतं, बँकेतलं खातंही माहीत असतं, आणि हॉवर्डच्या धाकट्या बहिणीच्या तोंडी ‘तो वीज खातो का?’ हा प्रश्न आपोआप येतो. मूळ इंग्रजीत हा श्लेष नाही, मैलापाण्याचा होता तो मराठीत जातो. एक गेला, एक आला. विनोदी पुस्तकाच्या अनुवादात असा हिशेब पुस्तकभर मांडावा लागतो. वहीत दोन रकाने ठेवावेत, गेलेले आणि आलेले, आणि शेवटी दोन्ही जवळपास जुळलेले असावेत.

वरच्या यादीत आम्ही मुद्दाम ‘आर्चरकडे वीज’ अशी वाक्यं लिहिली. त्याला कारण आहे. हॉवर्डला ही नावं एकामागून एक कळतात तेव्हा त्यातलं कोण पुरुष, कोण बाई हे नावावरून सांगता येत नाही. इंग्रजी क्रियापद ते सांगतही नाही. मराठीत ‘डिलियन पोलीस चालवते’ असं लिहिलं की ‘ते’ या एका अक्षराने गुपित फुटलं. ‘चालवतात’ लिहिलं तर आदर आला, जो बोलणाऱ्याच्या मनात नाही. ‘-कडे’ लावलं की क्रियापदच लागत नाही. वाक्य आखूड होतं, लिंग लपतं, आणि वाटणीपत्रातल्या भाषेसारखा सूर लागतो, जो या घराला शोभतो. टेलिफोनवरचे आवाज, चिठ्ठ्या, दाराआडून बोलणारी माणसं या सगळ्यांना हीच युक्ती लागते, कारण ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांच्यामध्ये मराठीत लपायला जागा नाही. अशी प्रत्येक जागा आधी मुळात पेन्सिलीने खुणावून ठेवावी. खर्डा अर्धा झाल्यावर लक्षात आलं तर पन्नास पानं मागे जाऊन दुरुस्ती करावी लागते, आणि एखादं ‘आली’ हमखास राहून जातं.

याहून मोठं काम आहे ते तू, तुम्ही आणि आपणचं. यासाठी अनुवादाला हात घालण्याआधी एक तक्ता करावा. उभ्या ओळीत बोलणारे, आडव्या ओळीत ज्यांच्याशी बोलायचं ते, प्रत्येक चौकटीत दोन नोंदी: समोर काय म्हणतो आणि पाठीमागे काय म्हणतो. या कादंबरीतली मुख्य माणसं धरली तर बारा-तेरा होतात, म्हणजे दीडशेच्या आसपास चौकटी. निम्म्या रिकाम्या राहतील, पण उरलेल्यांत पुस्तकाचा सगळा स्वभाव येतो. माउंटजॉय आर्चरविषयी बोलताना नेहमी बहुवचनात बोलेल, ‘ते म्हणाले’. क्वेन्टिन त्याच आर्चरविषयी पहिल्यापासून ‘तो कोण लागून गेला’ असं बोलेल. या दोघांच्या मधे हॉवर्ड आहे. सुरुवातीला तोही ‘आर्चर म्हणाले’ म्हणेल आणि पुढे कधीतरी ‘आर्चर म्हणाला’ म्हणू लागेल. भीती गेली हे सांगायला मूळ लेखिकेला अख्खा प्रसंग रचावा लागतो. मराठी अनुवादकाला तो प्रसंग आहेच, शिवाय हे एक क्रियापद फुकट मिळतं. ते नेमकं कुठे वळवायचं याचं पान ठरवून ठेवावं. पुस्तकात दोन ठिकाणी वळलं तर कुठेच वळलं नाही असं होतं, आणि मुलांना अशी चूक मोठ्यांपेक्षा आधी खटकते.

भावंडं एकमेकांना काय म्हणतील? पहिला मोह ‘आर्चरदादा’, ‘डिलियनताई’ असं लिहायचा होतो. तो टाळावा. दादा-ताई लावलं की मराठी कानाला माया ऐकू येते, आणि ही सात जणं एकमेकांचा पत्रव्यवहार, पैसा आणि रस्ता अडवणारी माणसं आहेत. बिनदादाचं ‘आर्चर’ धाकट्याच्या तोंडी उद्धट वाटतं, तेच हवं आहे. पण मग एखाद्या जागी, काहीतरी काढून घ्यायचं असताना, तोच धाकटा अचानक ‘दादा’ म्हणाला तर वाचणारं मूल लगेच सावध होतं. आपल्याकडच्या प्रत्येक घरात हा ‘दादा’ ओळखीचा आहे.

वयाचा क्रम हा तर कथानकाचा कणाच. इंग्रजीत नुसतं भाऊ-बहीण म्हणून भागतं, मराठीतही ‘भाऊ’ म्हणता येतं, पण बोलताना आपण थोरला-धाकटा लावल्याशिवाय राहत नाही आणि अनुवादक सवयीने लावून मोकळा होतो. इथे ते घातक आहे. सर्वांत थोरला आर्चर, सर्वांत धाकटा व्हेंटुरस, हे कळायला हरकत नाही. मधल्यांचा क्रम पुस्तक जसजसा उघडतं तसतसाच उघडावा. व्हेंटुरस हे नाव लॅटिनमध्ये ‘येणारा, होऊ घातलेला’ अशा अर्थाचं आहे. तो भविष्यकाळात राहतो आणि हॅथवे काही शतकं मागे. नावाचा अर्थ तळटीपेत देऊ नये. तळटीप म्हणजे विनोदाच्या वाटेतला गतिरोधक. फार वाटलं तर कोणातरी मोठ्या माणसाच्या तोंडी अर्ध्या वाक्यात घालावा.

‘गून’ला ‘गुंड’ म्हणणं चूक नाही, पण गुंड म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे चाकू आणि हप्ता येतो. या माणसाचं पहिलं लक्षण त्याचा आकार आणि दुसरं त्याचा चिवटपणा. ‘धटिंगण’ हा शब्द त्याच्यासाठीच घडवल्यासारखा आहे: उच्चारतानाच तो जागा अडवतो. त्याची बोलण्याची पद्धत मात्र फार अवघड. इंग्रजीत तो कर्ता गाळून बोलतो, त्यामुळे तुटक आणि ठोकळ वाटतो. मराठीत कर्ता गाळणं ही रोजची रीत. ‘उद्या येतो’, ‘जेवलो’ यांत काही तुटक नाही. म्हणून कर्त्याऐवजी क्रियापद गाळावं. ‘मला आर्चरने पाठवलंय, दोन हजार शब्द हवेत’ याचं ‘आर्चरकडून. शब्द. दोन हजार.’ करावं. पण प्रत्येक वाक्य असं केलं तर तो तारघराचा कर्मचारी वाटू लागतो. पाच वाक्यांत तीन तोडावीत, दोन धड ठेवावीत, आणि धड वाक्यं तो क्वचित जेव्हा मनातलं बोलतो त्या जागांसाठी राखावीत. त्याला ग्रामीण बोली देण्याचा मोह होईल, तोही टाळावा. आडदांड माणूस म्हणजे गावाकडचा, हे समीकरण मराठी मुलांच्या पुस्तकांनी आता सोडलं पाहिजे.

हॉवर्डच्या बहिणीचं खरं नाव अँथिया, पण घरात तिला सगळे ‘ऑफुल’ म्हणतात, म्हणजे भयंकर. ‘भयंकर’ हे हाक मारायचं नाव होत नाही. ‘अवली’ आजच्या मुलांना आवडेल, पण त्यात कौतुक जास्त आणि वैताग कमी. ‘अवदसा’ घ्यावी. आजी-आत्यांच्या तोंडचा शब्द आहे, ‘अ’ने सुरू होतो, रागही आहे आणि घरातल्या माणसांपुरता जिव्हाळाही. हाकेला ‘अवदे’ होतं, जे खणखणीत वाजतं. खरं नाव फक्त परक्यांच्या तोंडी.

क्वेन्टिनच्या दोन हजार शब्दांविषयी एक बारीक गोष्ट. मराठी विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतल्या तीन शब्दांचं आपल्याकडे ‘घरात’ असं एक होतं, आणि तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. कोणी काळजीपूर्वक अनुवादक पात्राने लिहिलेला मजकूर मोजून आकडा बदलायला जाईल. बदलू नये. दोन हजार हा आकडा कथेतला कर आहे, त्याचा भाषेशी संबंध नाही.

काही पालकांची हरकत वेगळीच असते: जादूच्या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही, आणि ही काळजी झटकून टाकण्यासारखी नाही. तिचं उत्तर शब्दांच्या निवडीत आहे. ‘जादू’, ‘जादूगार’ हे शब्द खेळाचे आहेत. ‘करणी’, ‘भानामती’, ‘चेटूक’ हे खेळाचे नाहीत. त्यांच्यापायी खऱ्या गावांत खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे. विनोदी कादंबरीत रंगत आणण्यासाठी हे शब्द वापरणं म्हणजे त्या भीतीला घरात जागा देणं. डिलियन आणि शाइन यांना चेटकीण म्हणू नये, मूळ पुस्तकातही त्या भावांसारख्याच जादूगार आहेत. रंगभूमीवरची चेटकीण वेगळी. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण साकारली तेव्हा समोरचा पुरुष नट आणि त्याचा वेश दिसत होता, नाटक आहे हे लहानातल्या लहान प्रेक्षकाला कळत होतं. छापील पानावर ती सोय नाही, शब्द एकटाच असतो.

गाव महाराष्ट्रात आणावं का? भा. रा. भागवतांनी लुइस कॅरलच्या ॲलिसची जाई केली, ‘जाईची नवलकहाणी’ लिहिली, आणि ती मराठीच वाटते. पण ती स्वप्नाची गोष्ट होती, स्वप्नाला नगरपालिका नसते. इथे ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडमधलं गाव, तिथली कौन्सिल आणि तिथलं पॉलिटेक्निक सगळ्या कथेला आधार देतात. गाव सातारा केलं तर हॉवर्डच्या घरी मुलांना सांभाळणारी विद्यार्थिनी फिफी कुठून आणायची, आणि हॅथवेचा भूतकाळ कोणता? त्याच्या घरात शिरताच बखरीची मराठी सुरू झाली तर इंग्लंडची काही शतकं क्षणात पुण्यात येऊन पडतील. तिथे नुसते ‘असे’, ‘नसे’, ‘जाहले’ असे दोन-चार जुने पोत पुरेत. फारसी शब्द वर्ज्य. नावंही तीच ठेवावीत. फक्त ‘टॉर्क्विलकडे’सारखं जोडाक्षरांचं गाठोडं नऊ वर्षांच्या मुलाच्या जिभेवर अडखळतं, त्याचं ‘टॉर्किल’ केलं तर काही बिघडत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला सात नावांची आणि सात खात्यांची एक पाटी छापावी, नगरपालिकेच्या फलकासारखी. वय आणि नातं तिच्यात देऊ नये.

काम कोणत्या क्रमाने करावं तेही सांगतो. आधी वर सांगितलेला तक्ता. मग मूळ पुस्तकात जिथे जिथे हसू येतं त्या ओळींपुढे खूण करावी, एका प्रकरणात किती खुणा ते लिहून ठेवावं. पहिल्या खर्ड्यात फक्त संवाद उतरवावेत आणि ते दोघांनी मोठ्याने वाचावेत. कोण बोलतंय हे नाव न सांगता कळत नसेल तर तक्ता चुकलेला आहे. निवेदन दुसऱ्या खर्ड्यात. निवेदनात हॉवर्डच्या आई-वडिलांना मूळ लेखिका नावाने संबोधते. मराठीत ‘क्वेन्टिन म्हणाला’ हे पहिल्या पानावर खटकतं, तिसऱ्यावर अंगवळणी पडतं आणि दहाव्यापर्यंत त्याचा फायदा दिसू लागतो, कारण हे वडील हट्टी मुलासारखेच वागतात. मुलांच्या तोंडी अर्थात आई-बाबाच. तिसरा खर्डा दहा-बारा वर्षांच्या चार-पाच मुलांना वाचून दाखवावा, हातात मूळच्या खुणांची यादी घेऊन. जिथे खूण आहे आणि हसू आलं नाही तिथे शब्द बदलण्याआधी वाक्याचा शेवट बघावा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द मधे अडकून पडतो आणि वाक्य ‘होता’, ‘आहे’ वर विझतं. ‘स्वयंपाकघरात एक धटिंगण बसलेला होता’ यापेक्षा ‘स्वयंपाकघरात बसला होता एक धटिंगण’ बरं, आणि नुसतं ‘स्वयंपाकघरात धटिंगण’ कधी कधी सगळ्यांत बरं.

आपल्या पुरवणीत अशी कादंबरी क्रमशः द्यायची असेल तर एका भागाला हजार ते बाराशे शब्द ठीक. त्याहून आखूड झालं तर सात भावंडं लक्षात राहत नाहीत. भाग धक्क्यावर तोडण्यापेक्षा नवं भांडण सुरू होताना तोडावा. मागील भागाचा सारांश चाळीस शब्दांच्या आत, आणि त्यात ‘कोणाकडे काय’ एवढंच.

परवानगीचा प्रश्न उरतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे डायना विन जोन्स यांचं लेखन २०७१ अखेरपर्यंत हक्कांत आहे. अनुवाद, क्रमशः प्रसिद्धी आणि पुढे पुस्तक, तिन्हींची परवानगी हक्कधारकांकडून एकाच वेळी लेखी घ्यावी. फक्त वृत्तपत्राची घेतली तर पुस्तक करताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर पुरवणीला काही सुरू करायचंच असेल, तर जुन्या इंग्रज लेखिका ई. नेस्बिट आहेत. त्या १९२४ साली वारल्या, त्यांच्या मूळ लेखनाला आता परवानगी लागत नाही (जुना मराठी अनुवाद वापरायचा असेल तर त्या अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा तपासावा). त्यांची १९०२ मधली वाळूत राहणाऱ्या इच्छापूर्तीच्या प्राण्याची गोष्ट क्रमशः साठी फार सोयीची. भावंडं तिथे साधीच आहेत, जादू त्या प्राण्याची, पण हिशेब तसाच चोख: दिवसाला एक इच्छा आणि सूर्य मावळला की ती संपली. सोन्याची नाणी मागितली तर जुन्या टाकसाळीची मिळतात आणि दुकानदार घेत नाही; पंख मागितले तर संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यावर अडकायला होतं. तिथल्या थोरल्यांना मात्र दादा आणि ताई म्हटलंच पाहिजे, कारण ती एकमेकांच्या बाजूने उभी राहणारी मुलं आहेत, आणि सगळ्यांत धाकट्या बाळाचं टोपणनाव मुळातच ‘कोकरू’ आहे, ते तसंच ठेवावं.

पुरवणीच्या संपादकांना हवा असेल तर संबोधनांच्या तक्त्याचा कोरा नमुना आम्ही पाठवू.

आपले,
मुलांच्या पुस्तकांचे अनुवाद आणि संपादन करणारे काही जण,
पुणे